टोपीकरांची टोपी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठेशाहीच्या कागदपत्रांत युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांसाठी एक नेमका शब्द भेटतो. तो म्हणजे टोपीकर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फ्रेंच अशा सगळ्यांना या एकाच नावाखाली गोळा केले आहे. हे लोक साधे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, तेव्हा यांच्याशी जपून वागावे, असा त्यांचा इशारा होता. आपल्याकडे पगडी होती, पागोटे होते, मुंडासे होते. डोक्यावर ताठ काठाची टोपी घालून फिरणारा माणूस आपल्या लोकांना वेगळा दिसला आणि त्या टोपीवरूनच त्याचे नाव पडले.

टोपीकरांच्या तलवारी, तोफा, गलबते, वखारी यांविषयी आपण बरेच वाचतो. पण ती टोपी कशाची होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मी इतिहासाचा अभ्यासक. मोठ्या लढायांपेक्षा साध्या वस्तूंचा माग काढायला मला अधिक आवडते. या टोपीचा माग काढू लागलो, तर तो थेट उत्तर अमेरिकेतल्या गोठलेल्या नद्यांपर्यंत जाऊन पोहोचला. वाटेत आपली मुंबईही लागली. तीच हकीगत आज सांगणार आहे.

त्या काळात युरोपात जी उत्तम टोपी समजली जाई, ती बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांपासून बनत असे. हा प्राणी आपल्याकडे नाही. आपल्या नद्यांत पाणमांजर आहे, पण ते मासे खाणारे. बीव्हर हा उंदीर-घुशींच्या कुळातला, कुरतडून जगणारा आणि शुद्ध शाकाहारी. वजन साधारण १५ ते ३० किलो, शेपूट वल्ह्यासारखे चपटे आणि खवल्यांचे. पुढचे दात नारिंगी रंगाचे असतात, कारण त्यांत लोह असते. या दातांनी तो झाडे पाडतो, फांद्या, चिखल, दगड रचून ओढ्यावर बंधारा घालतो आणि मागे साठलेल्या तळ्यात आपले घर बांधतो. घराचे दार पाण्याखाली असते. वर बर्फ साचले, तरी आतले कुटुंब पाण्यात बुडवून ठेवलेल्या फांद्यांच्या साली खात सुखाने हिवाळा काढते. युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत असे किती बीव्हर असतील, याचे अंदाज ६ कोटींपासून ४० कोटींपर्यंत सांगितले जातात. खालचा आकडा धरला, तरी त्या खंडातल्या जवळजवळ प्रत्येक ओढ्या-नाल्यावर या प्राण्याचा बंधारा होता असे म्हणायला हरकत नाही.

आता टोपीकडे येऊ. ती विणलेली नसते आणि शिवलेलीही नसते. ती नमद्याची असते. लोकर किंवा केस ओले करून, उष्णता देऊन, दाबून, घोळून एकमेकांत इतके गुंतवायचे की त्यांचे सलग कापड तयार होते, तो नमदा. काश्मिरी नमदे अनेकांनी पाहिले असतील. बीव्हरच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात. वरचे लांब आणि राठ, आतले आखूड, दाट आणि लोकरीसारखे मऊ. या आतल्या केसाला डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकले की सुटत नाहीत. त्यामुळे बीव्हरचा नमदा हलका, मऊ, तरीही मजबूत होतो. पावसात भिजला तरी आकार सोडत नाही. मेंढीच्या लोकरीची टोपी पावसात गळून कानांवर येई. बीव्हरची टोपी वर्षानुवर्षे ताठ राही.

ही टोपी युरोपला पूर्वीपासून ठाऊक होती. चौदाव्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये जो व्यापारी रंगवला, त्याच्या डोक्यावर बीव्हरची टोपी आहे. तेव्हा युरोपात स्वतःचे बीव्हर होते. पण मागणी वाढत गेली आणि पश्चिम युरोपातल्या नद्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. ब्रिटनमधला बीव्हर सोळाव्या शतकापर्यंत जवळपास संपलाच. म्हणजे उत्तर अमेरिकेत जे घडले, त्याची रंगीत तालीम युरोपात आधीच झालेली होती. त्यातून कोणी धडा घेतला नाही. घेतला तो एवढाच, की आता माल दुसरीकडून आणायला हवा.

आणि त्या मालाला किंमत किती होती? सॅम्युएल पेपिस हा लंडनचा रोजनिशीकार. त्याने १६६१ मध्ये बीव्हरची टोपी घेतली, तिला ४ पौंड ५ शिलिंग पडले. कष्टकऱ्याला एवढे पैसे मिळवायला कित्येक आठवडे राबावे लागे. टोपीवरून माणसाचा दर्जा कळे. दरबारी, सैनिक अधिकारी, वकील, धर्मगुरू प्रत्येकाच्या टोपीचा घाट वेगळा. घाट बदलत राहिले, टोपी मात्र कायम राहिली. १७०० साली इंग्लंडमधून सुमारे ६९,५०० बीव्हर टोप्या परदेशी गेल्या. १७६० साली हाच आकडा पाच लाखांवर गेला होता.

हा सगळा कच्चा माल आला कुठून? झाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी १५३४ साली आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला, तेव्हा मिकमाक लोकांनी काठ्यांवर कातडी उंचावून त्याला खुणावले. देवघेवीची तयारी त्यांच्याकडून आधीच होती. पुढे १६०८ साली शाँप्लँने क्वेबेकची वखार वसवली आणि व्यापाराला ठाणे मिळाले. लोखंडी भांडी, कुऱ्हाडी, सुऱ्या, सुया, घोंगड्या, बंदुका इकडून जाऊ लागल्या आणि बीव्हरची कातडी तिकडून येऊ लागली.

यात एक मोठी गंमत होती. व्यापाऱ्यांना सर्वांत जास्त हवे असे ते नवे कातडे नव्हेच, तर वापरलेले, जुने! स्थानिक लोक पाच-आठ कातडी शिवून अंगरखा करीत आणि केसांची बाजू आत ठेवून तो दीड-दोन हिवाळे वापरीत. अंगाच्या घामाने आणि घर्षणाने वरचे राठ केस आपोआप झडून जात आणि आतली मऊ लव तेवढी उरे. टोपीवाल्याचे अर्धे काम आधीच झालेले असे. राठ केस वेगळे करण्याची कला त्या काळी रशियातल्या कारागिरांना चांगली येत असे, म्हणून सुके कातडे आधी रशियाला पाठवून लव विंचरून परत आणण्याचाही प्रकार चाले. ज्याला अंगरखा विकायचा त्याच्या दृष्टीने मात्र हा सौदा अजब होता. आपले जुनेर द्यायचे आणि नवी कोरी कुऱ्हाड घ्यायची! पॉल ल झन या जेझुइट पाद्र्याने १६३४ च्या वृत्तान्तात एका इन्नू माणसाचे बोलणे नोंदवून ठेवले आहे. बीव्हर फार गुणी, तो आम्हाला भांडी देतो, कुऱ्हाडी देतो, सुऱ्या देतो. आणि हे इंग्रज खुळे, एका कातड्याला वीस-वीस सुऱ्या देतात, असा त्याचा आशय. आपल्याकडे फसवणुकीला 'टोपी घालणे' म्हणतात. इथे कोण कोणाला टोपी घालतो आहे, हे दोन्ही बाजूंना आपापल्या परीने पक्के ठाऊक होते! हे मुद्दाम सांगितले, कारण मूळ रहिवासी म्हणजे मणी पाहून भुलणारे भोळे लोक, असे चित्र आपण पुष्कळ वेळा पाहतो. ते खरे नाही. हडसन उपसागराच्या वखारींच्या नोंदी सांगतात, की ते माल पारखून घेत, बंदुकीचा दोष दाखवून परत करीत आणि शेजारी फ्रेंच दुकान असेल तर इंग्रजाकडून भाव वाढवून घेत.

वलंदेज, म्हणजे डचही मागे नव्हते. नोव्हेंबर १६२६ मधले एक पत्र प्रसिद्ध आहे. मॅनहटन बेट ६० गिल्डरांना विकत घेतल्याची बातमी त्यात आहे. न्यूयॉर्कच्या जन्माचा हा दाखला म्हणून सगळे ते उद्धृत करतात. पण त्याच पत्रात जहाजावरच्या मालाची यादी आहे आणि तिच्यात सर्वांत वर आहेत ७,२४६ बीव्हरची कातडी. हडसन नदीच्या वरच्या अंगाला डचांनी जे गाव वसवले, त्याचे नावच बेव्हरवाइक, बीव्हरवरून पडलेले. आजचे ऑल्बनी ते हेच. आणि न्यूयॉर्क शहराच्या मुद्रेवर आजही पवनचक्कीच्या पात्यांबरोबर बीव्हर कोरलेला आहे.

पण व्यापार आला की मागोमाग बंदूक येते. जवळचे ओढे रिकामे झाले, की कातड्यांसाठी दूरच्या ओढ्यांवर जावे लागे; आणि तिथे दुसऱ्या कोणाचा तरी वहिवाटीचा हक्क असे. डचांकडून बंदुका मिळालेल्या इरोक्वा संघातल्या जमाती आणि फ्रेंचांशी जोडलेल्या ह्युरॉन, म्हणजे वेंडाट जमाती यांच्यात दीर्घ वैर पेटले. जुनी भांडणे होतीच, त्यांत कातड्यांचा व्यापार पडला. याच सुमारास १६३० च्या दशकात युरोपातून आलेल्या देवीसारख्या साथींनी ह्युरॉन लोकांची संख्या जवळपास निम्म्यावर आणली. उरलेली वस्ती १६४९ च्या स्वारीत उद्ध्वस्त झाली. गावे जळाली, लोक पांगले. इतिहासकार या लढायांना 'बीव्हर युद्धे' म्हणतात. पॅरिसमधल्या टोपीच्या दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता आपली मुंबई. पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात मुंबईचे बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाकडे आले, हे आपण शाळेत शिकलो. ते त्याने मार्च १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले, हेही आपल्याला माहीत असते. त्याच १६६८ च्या जून महिन्यात त्याच राजाच्या लंडनहून 'नॉनसच' नावाचे एक छोटे जहाज उलट दिशेला निघाले. राडिसाँ आणि ग्रोझेये या दोन फ्रेंच व्यापाऱ्यांनी इंग्रजांना पटवले होते, की उत्तम बीव्हर हडसन उपसागराच्या बाजूला आहेत. जहाज पुढच्या वर्षी कातडी घेऊन परतले. २ मे १६७० रोजी चार्ल्सने आपला आतेभाऊ प्रिन्स रुपर्ट आणि त्याच्या भागीदारांना सनद दिली. 'हडसन्स बे कंपनी' जन्माला आली. उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचे खोरे कंपनीच्या नावे लिहिले गेले. किती मोठे? सुमारे ३९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या भारताहूनही मोठे. तिथे राहणाऱ्या कोणालाही न विचारता! त्याचे भाडे ठरले दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर. तेही राजा स्वतः त्या मुलखात आला तरच. १९३९ साली सहावा जॉर्ज कॅनडात गेला, तेव्हा कंपनीने हे भाडे समारंभपूर्वक चुकतेही केले.

एकाच राजाने सव्वादोन वर्षांच्या आत केलेली ही दोन कामे मी जेव्हा शेजारी शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा अमात्यांचा इशारा किती अचूक होता हे जाणवते. व्यापाऱ्याच्या मागे राजा आणि राजाच्या पुढे व्यापारी. इकडे कापड आणि मिरी, तिकडे कातडी.

हडसन्स बे कंपनीची कीर्ती तिच्या हिशेबांसाठी आहे. थंडीने शाई गोठायची अशा ठिकाणी बसून तिच्या कारकुनांनी जे लिहून ठेवले, ते आज विनिपेगच्या अभिलेखागारात आहे आणि २००७ साली युनेस्कोने त्याची जागतिक ठेवा म्हणून नोंद केली. या वह्यांत नाणे आहे तेही बीव्हरचे! उत्तम प्रतीच्या एका प्रौढ बीव्हरचे तयार कातडे हे मूळ माप. त्यात सगळ्या वस्तूंचे भाव बांधलेले. बंदूक साधारण १० ते १२ कातड्यांना. बंदुकीच्या उंचीएवढी कातड्यांची चळत घेत, म्हणून बंदुका मुद्दाम लांब बनवल्या, अशी एक गोष्ट सांगतात. ती चवदार आहे, पण कंपनीचे भावपत्रक पाहिले की टिकत नाही.

पकडायचे कसे? जुनी पद्धत हिवाळ्यातली. तेव्हा केस सर्वांत दाट असतात. तळे गोठले की बर्फ फोडून वाटा अडवायच्या, घर उकरायचे, पळणारे जनावर जाळ्यात किंवा हाताने धरायचे. हे फार कष्टाचे काम. पुरुष शिकार करीत, पण कातडे सोलणे, ताणणे, खरवडणे, अंगरखे शिवणे हे सगळे बायकांचे. त्यांच्या हातच्या बर्फावर चालायच्या जाळीदार जोड्यांशिवाय आणि वाळवलेल्या मांसाच्या शिदोरीशिवाय एकही गोरा व्यापारी आत जाऊ शकला नसता. मग लोखंडी सापळा आला. तो वीतभर पाण्यात काठाशी लावायचा, साखळी खोल पाण्यात खुंटीला बांधायची. वर एका काडीला बीव्हरच्याच ग्रंथीतून काढलेला उग्र वासाचा द्रव माखायचा. आपल्या हद्दीत परका कोण आला, हे पाहायला बीव्हर वासाच्या रोखाने येई, सापळ्यात पाय अडके आणि तो सवयीने खोल पाण्याकडे धाव घेई. तिथे सापळ्याच्या वजनाने बुडून मरे. घर राखायची त्याची उपजत बुद्धीच त्याला नडली. या सापळ्याने कुटुंबच्या कुटुंब काही रात्रींत संपवता येऊ लागले.

कातडी लंडनला पोहोचली की टोपीवाल्याच्या कारखान्यात जात. तिथले दृश्य आपल्याला परके वाटले नसते. आपला पिंजारी धनुकलीच्या तातीवर कापूस पिंजतो ना, तसाच तिथला कारागीर आढ्याला टांगलेल्या मोठ्या धनुष्याच्या तातीने बीव्हरची लव पिंजत असे. लवेचा ढग हळूहळू ओट्यावर पसरे. तो दाबून, ओला करून, गरम पाण्यात पुन्हा पुन्हा घोळून आटवायचा, लाकडी साच्यावर चढवायचा. पुढे एकोणिसाव्या शतकात टोपी ताठ राहावी म्हणून तिला चपडा लाख लावू लागले. ती लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जात असे. टोपीत आपलाही थोडा वाटा होता म्हणायचा.

पण या कारखान्यात एक विषही होते. बीव्हरची लव महाग, म्हणून तीत ससा आणि रानसशाचे केस मिसळू लागले. हे केस स्वतःहून नीट गुंतत नाहीत. म्हणून कातड्याला नत्राम्लात विरघळवलेला पारा चोळीत. अठराव्या शतकात ही रीत रूढ झाली. बीव्हर जसजसा दुर्मिळ झाला, तसतसा ससा वाढला आणि पाराही वाढला. बंद खोलीत गरम वाफेबरोबर पारा कामगारांच्या छातीत जाई. हात थरथरत, दात हलत, तोंडातून लाळ गळे. माणूस विनाकारण लाजे, चिडे, विसरे. 'टोपीवाल्यासारखा वेडा' हा इंग्रजी वाक्प्रचार प्रसिद्ध आहे. १८६५ साली लुइस कॅरोलच्या 'अ‍ॅलिस'मध्ये विक्षिप्त टोपीवाला आला आणि मुलांना तो आवडला. खऱ्या टोपीवाल्यांचे हसू होण्यासारखे काही नव्हते. अमेरिकेत कनेक्टिकटमधले डॅनबरी हे टोप्यांचे गाव. तिथे या आजाराला 'डॅनबरीची थरथर' असेच नाव पडले होते. अमेरिकेतल्या टोपी कारखान्यांतून पारा हटवला गेला तो १९४१ साली. रोगाचे कारण त्याच्या कितीतरी आधी कळलेले होते.

आपल्या ओळखीचा आणखी एक धागा इथे आहे. अमेरिकेतल्या वसाहतींत बीव्हर दाराशी, कारागीरही होते. तिथे टोप्या स्वस्त बनू लागल्या. लंडनच्या टोपीवाल्यांनी ओरड केली आणि १७३२ साली पार्लमेंटने कायदा करून वसाहतींना टोप्या बाहेर विकायला बंदी घातली. एका वसाहतीतून दुसरीतही नाही. शिकाऊ उमेदवार किती ठेवायचे, यावरही बंधन आले. कच्चा माल द्यावा आणि पक्का माल विकत घ्यावा, हे सूत्र आपल्या कापसाच्या आणि कापडाच्या आधी तिथे टोपीवर गिरवले गेले होते.

एकोणिसाव्या शतकात या हकिगतीचा सर्वांत भयंकर अध्याय येतो. आजच्या अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातला ऑरेगन प्रदेश कोणाचा, यावर ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात वाद होता. बीव्हरच्या मागे अमेरिकन पारधी येतील, पारध्यांमागे शेतकरी येतील आणि मग मुलूख हातचा जाईल, असे कंपनीचे गव्हर्नर जॉर्ज सिम्प्सन यांना वाटले. त्यांनी उपाय काढला. सीमेवरच्या मुलखात बीव्हर ठेवायचाच नाही. मग येईल कोण आणि कशाला? पीटर स्कीन ऑग्डेन यांच्या तुकड्यांनी १८२४ ते १८३० या काळात स्नेक नदीच्या खोऱ्यातले ओढेन् ओढे पालथे घातले. पिल्लू, मादी, काही मागे ठेवायचे नाही, असा दंडक. या धोरणाला इतिहासात 'फरचे वाळवंट' असे नाव मिळाले. विशेष म्हणजे हेच सिम्प्सन, जिथे कंपनीला स्पर्धक नव्हता तिथे शिकारीवर मर्यादा घालत होते, उन्हाळी कातडी घ्यायला नकार देत होते, काही भागांत लोखंडी सापळे बंद करत होते. म्हणजे प्राणी कसा राखायचा हे त्यांना उत्तम कळत होते. मालकी पक्की असेल तिथे राखायचा, नसेल तिथे संपवायचा, असा हिशेब होता. आणि एवढे करून १८४६ च्या तहात तो मुलूख अमेरिकेकडे गेला तो गेलाच.

रॉकी पर्वताच्या अमेरिकन बाजूलाही तेच चालले होते. १८२२ साली सेंट लुइसच्या वर्तमानपत्रात विल्यम अ‍ॅशली यांची जाहिरात आली, शंभर धाडसी तरुण पाहिजेत म्हणून. या तरुणांच्या शौर्यकथा अमेरिकेत अजून सांगितल्या जातात. १८२५ पासून दर उन्हाळ्यात डोंगरात त्यांची जत्रा भरे. कातडी द्यायची, दारूगोळा, साखर, कॉफी आणि दारू घ्यायची. शेवटची जत्रा १८४० साली भरली. ओढे रिकामे झाले होते, हे एक कारण. दुसरे कारण पॅरिस आणि लंडनच्या बाजारात होते. न्यूयॉर्कचा धनाढ्य कातडी-व्यापारी जॉन जेकब अ‍ॅस्टर १८३२ साली लंडनला होता. तिथून त्याने कळवले, की आता टोप्या बीव्हरऐवजी रेशमाच्या होत आहेत. पुढे दोन वर्षांत तो या धंद्यातून बाहेर पडला आणि मॅनहटनच्या जमिनीत आणखी पैसा गुंतवत राहिला. अशी नजर मोजक्यांनाच असते.

बीव्हर वाचला तो रेशमी टोपीने, असे नेहमी सांगतात. मला ते अर्धेच खरे वाटते. भाव पडला, थोडी उसंत मिळाली, एवढेच. कोट, गळपट्टे यांसाठी शिकार चालूच राहिली. १९०० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत अंदाजे एक लाख बीव्हर उरले असतील. कोटींतून लाखावर! त्यानंतर मात्र ठिकठिकाणी बंदीचे कायदे आले आणि उरलेसुरले बीव्हर पुन्हा वाढू लागले.

आणि आता जे सांगणार आहे, ते कंपनीच्या त्या काटेकोर वह्यांत कुठेही सापडत नाही. बीव्हर गेला, तसे त्याचे बंधारेही गेले. दुरुस्त करणारा उरला नाही, म्हणून दोन-चार वर्षांत ते फुटले. तळी वाहून गेली. अडलेले पाणी मोकाट सुटले, ओढ्यांनी आपलीच पात्रे खोल कापली, आजूबाजूच्या जमिनीतले पाणी खाली गेले, दलदलीची हिरवी कुरणे कोरडी पडली. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही पाठ आहे. वनराई बंधाऱ्यासाठी आपण मातीने भरलेली पोती रचतो. अमेरिकेत हे काम लाखो वर्षे एक प्राणी विनामोबदला करीत होता. त्याचे कातडे मोजले गेले, त्याचे पाणी कोणी मोजले नाही. पुढे जे शेतकरी आणि गुराखी पश्चिमेकडे गेले, त्यांनी कोरड्या घळी पाहिल्या आणि हा मुलूख मुळापासून असाच असणार असे समजून ते तिथे राहिले. नुकसान झाले आहे हेदेखील कळत नाही, ही नुकसानीची शेवटची पायरी.

हे कळायला विसावे शतक उजाडले. मग उलटा प्रवास सुरू झाला. १९४८ साली आयडाहो राज्यात तर ७६ बीव्हर महायुद्धातल्या उरलेल्या पॅराशूटांना पेट्या बांधून विमानातून दुर्गम खोऱ्यात सोडले. एक दगावला, बाकीचे पेटीतून उतरून कामाला लागले. आज उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या पुन्हा कोटीच्या आसपास धरली जाते. जंगलात वणवे लागले, तरी बीव्हरच्या तळ्यांभोवतीचा पट्टा हिरवा राहतो, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली स्कॉटलंडच्या नॅपडेलमध्ये ते पुन्हा सोडले गेले आणि २०२२ साली इंग्लंडमध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. २००७ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स नदीत एक बीव्हर आपणहून येऊन राहिला. शहराच्या मुद्रेवर तो होताच, पण शहरात सुमारे दोनशे वर्षांत प्रथमच दिसला.

अर्थात गेले ते सगळे परत आले असे नाही. ह्युरॉनांची १६४९ मध्ये जळालेली गावे परत वसली नाहीत. डॅनबरीच्या कामगारांचे हात थरथरायचे थांबले नाहीत. कंपनीला मिळालेला तो भारताहून मोठा मुलूख १८७० साली तीन लाख पौंडांच्या व्यवहारात कॅनडाकडे गेला, तेव्हाही तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. आणि ती कंपनी? पुढे ती मोठमोठ्या दुकानांची मालकीण झाली आणि ३५५ वर्षांनंतर, २०२५ साली, कर्जाच्या ओझ्याखाली तिचे शेवटचे दुकान बंद झाले. बीव्हर मात्र कॅनडाच्या पाच सेंटच्या नाण्यावर आहे आणि तिथल्या ओढ्यांतही आहे.

टोपी घालणारे वाईट नव्हते. पेपिसला फक्त एक चांगली टोपी हवी होती. सापळा लावणाऱ्याला बंदूक हवी होती, कारकुनाला वही जुळायला हवी होती. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता आणि सगळ्यांची बेरीज मात्र चुकली, कारण जी गोष्ट कोणाच्याच वहीत नव्हती ती बेरजेत आलीच नाही. आजही दुकानात आपण एखादी वस्तू उचलतो तेव्हा तिच्यावर किंमत छापलेली असते. ती कुठल्या ओढ्यावरून आली आणि तिथले पाणी आता कसे आहे, हे त्यावर नसते. ते विचारायची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.